‘शुद्धीवर आला का?’

५ ऑक्टोबर २०१४चा रविवार. जपानमधल्या सुझुका इथे फॉर्म्युला वनची शर्यत सुरू होती. ‘फनफोन’ हे चक्रीवादळ जपानच्या दिशेने येत होते, पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता आणि उजेडही कमी होत चालला होता. आपल्याकडे तेव्हा दुपार होती. टीव्हीसमोर बसलेल्या प्रेक्षकांना एवढेच दिसले, की आद्रियान सुटिलची गाडी घसरून ट्रॅकबाहेर गेली आहे आणि ती हलवायला क्रेन आली आहे. काही वेळाने शर्यत थांबवण्यात आली. लुईस हॅमिल्टन जिंकला, पण विजेत्यांच्या मंचावर नेहमीसारखी शॅम्पेन उडाली नाही. तिघांचेही चेहरे उतरलेले होते. क्रेनपाशी आणखी काहीतरी भयंकर घडले आहे, हे अनेक चाहत्यांना त्या चेहऱ्यांवरूनच कळले.

तिथे दुसरी एक गाडी घसरत जाऊन क्रेनखाली घुसली होती. ती होती ज्युल्स बियांचीची. २५ वर्षांचा हा फ्रेंच चालक मारुसिया या छोट्या संघाकडून खेळायचा. त्याच वर्षी मे महिन्यात मोनॅकोला नववा येऊन त्याने संघाला पहिलेवहिले गुण मिळवून दिले होते. भारतातल्या चाहत्यांना तो आधीपासून ओळखीचा होता. २०१२मध्ये तो फोर्स इंडिया संघाचा राखीव चालक होता आणि २०१३मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तो शर्यतीतही उतरला होता.

त्या दिवसापासून जगभरचे चाहते एकच प्रश्न विचारत राहिले. ‘शुद्धीवर आला का?’ नऊ महिने हा प्रश्न विचारला गेला. त्या नऊ महिन्यांकडे आरोग्याच्या अंगाने पाहिले, तर मेंदूच्या दुखापतीबद्दल बरेच कळते. आणि वाट पाहणाऱ्या आपल्या मनाबद्दलही कळते.

भांडे शाबूत, दही मोडलेले

अपघातानंतर दोन दिवसांनी बियांची कुटुंबाने निवेदन काढून निदान जाहीर केले : ‘डिफ्यूज ॲक्झोनल इंज्युरी’. बहुतेक चाहत्यांनी हे शब्द पहिल्यांदाच ऐकले. डोक्याला मार लागला म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ती फुटलेली कवटी किंवा मेंदूत झालेला रक्तस्राव. ही दुखापत वेगळी असते.

मेंदूतल्या पेशींना लांबलचक तंतू असतात. त्यांना ॲक्झोन म्हणतात. मेंदूचा एक भाग दुसऱ्या भागाशी, आणि पुढे मज्जारज्जूशी, या तंतूंमार्फत बोलतो. डोके प्रचंड वेगात असताना एकदम थांबले आणि त्याच वेळी गर्रकन वळले, तर कवटीच्या आतला मऊ मेंदू पिळवटला जातो. त्याचे सगळे थर सारख्या वेगाने थांबत नाहीत. मग तंतू ताणले जातात. विरजण लावलेल्या दह्याच्या भांड्याला जोरात हिसका दिला, तर भांड्याला तडाही जात नाही, पण आतले दही मोडते. तसेच काहीसे हे असते.

सगळे तंतू त्याच क्षणी तुटतात असेही नाही. ताण बसलेल्या तंतूंमधली वाहतूक बंद पडते, ते सुजतात आणि पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत तुटतात. ‘डिफ्यूज’ म्हणजे विखुरलेली. इजा एका जागी नसते, मेंदूभर पसरलेली असते. म्हणून शल्यचिकित्सकाला काढून टाकता येईल अशी गाठ किंवा शिवता येईल अशी जखम सापडत नाही. पहिल्या सीटी स्कॅनमध्ये तर कधी कधी फारसे काही दिसतही नाही, एमआरआयमध्ये अधिक दिसते. डॉक्टरांच्या हातात असते ते मेंदूची सूज आणि कवटीच्या आतला दाब आटोक्यात ठेवणे, ऑक्सिजन आणि रक्तदाब सांभाळणे, म्हणजेच झालेल्या इजेत आणखी भर पडू न देणे.

अपघाताची चौकशी करणाऱ्या दहा जणांच्या समितीचे निष्कर्षही याच्याशी जुळतात. सुमारे ७०० किलोची गाडी ताशी १२६ किलोमीटर वेगाने ६५०० किलोच्या क्रेनवर आदळली. बियांचीचे हेल्मेट क्रेनच्या तळाला घासत गेले. त्या तिरक्या फटक्याने डोके एकाच वेळी थांबले आणि वळले.

‘मासा परतला, मग हा का नाही?’

आशा धरायला चाहत्यांकडे एक उदाहरण होते. २५ जुलै २००९ रोजी हंगेरीत पात्रता फेरीच्या वेळी पुढच्या गाडीतून निसटलेली एक स्प्रिंग फेलिपे मासाच्या हेल्मेटवर डाव्या डोळ्याच्या वर येऊन आदळली. कवटीला फ्रॅक्चर झाले, शस्त्रक्रिया झाली, त्याला औषधांनी बेशुद्ध ठेवावे लागले. तरीही साधारण दहा दिवसांत तो रुग्णालयातून बाहेर पडला आणि २०१०च्या पहिल्याच शर्यतीत दुसरा आला. सुझुकाच्या त्या रविवारीही तो शर्यतीत होता.

दोघांनाही डोक्याला मार, दोघांवरही शस्त्रक्रिया. मग आशा का धरू नये? फरक दुखापतीच्या जातीत होता. मासाची इजा मुख्यतः एका जागी, मेंदूच्या पुढच्या भागाच्या आसपास होती. फटका भीषण होता, पण त्याने बाकीच्या मेंदूचे धागे विसकटले नव्हते. एकाच अवयवाच्या दोन दुखापतींचे भविष्य किती वेगळे असू शकते, हे इथे दिसते. आपल्याकडे ‘आमच्या चुलत्यांनाही असेच झाले होते, आठवड्यात उठून बसले’ असा धीर दिला जातो. धीर देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, तुलना मात्र बहुधा चुकीची असते.

‘कोमातून बाहेर’ म्हणजे काय?

१९ नोव्हेंबर २०१४ रोजी कुटुंबाने नवी माहिती दिली. ज्युल्सला कृत्रिम कोमातून बाहेर काढले आहे, तो स्वतःहून श्वास घेतो आहे आणि त्याला जपानमधून फ्रान्समध्ये, त्याच्या नीस शहरातल्या रुग्णालयात हलवले आहे. त्याच निवेदनात पुढे लिहिले होते, की तो अजून बेशुद्ध आहे आणि त्याची प्रकृती गंभीर आहे. पण ‘कोमातून बाहेर’ एवढेच शब्द जगभर पसरले. अनेक चाहत्यांनी आनंदाने एकमेकांना कळवले, की ज्युल्स जागा झाला.

इथे दोन गोष्टींची गल्लत झाली. कृत्रिम कोमा म्हणजे डॉक्टरांनी औषधे देऊन आणलेली गाढ गुंगी. मेंदूला विश्रांती मिळावी, सूज आणि दाब कमी राहावा, यासाठी ती देतात. औषधे थांबवली की कृत्रिम कोमा संपतो. त्यानंतर रुग्ण शुद्धीवर येईल की नाही, हे मूळ इजेवर ठरते. स्वतः श्वास घेणे हे मेंदूच्या देठाचे, म्हणजे ब्रेनस्टेमचे काम. ते सुरू असले तरी माणसाला भोवतालचे भान आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

भान मोजायला डॉक्टर ‘ग्लासगो कोमा स्केल’ वापरतात. १९७४मध्ये ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तिन्हींना गुण देतात. सर्वांत कमी ३, सर्वांत जास्त १५. आठ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा. खरा कोमा सहसा काही आठवड्यांपेक्षा जास्त टिकत नाही. त्यानंतर रुग्ण हळूहळू शुद्धीवर येतो, दगावतो किंवा अशा अवस्थेत जातो, की डोळे उघडतात, झोप-जागेचे चक्रही सुरू होते, पण भान नसते. काहींना भान असते, पण अगदी अंधुक आणि येऊन-जाऊन. डोळे उघडले म्हणजे शुद्ध आली असे नाही, ही गोष्ट नातेवाइकांना सर्वांत जड जाते.

आपली कोमाची कल्पना सिनेमाने घडवली आहे. नायक महिनोन्‌महिने शांत झोपलेला असतो, दाढीही वाढलेली नसते, आणि एक दिवस आईच्या हाकेसरशी उठून बसतो. २००६मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोमा दाखवणारे ३० चित्रपट तपासले होते. त्यांतल्या फक्त दोन चित्रपटांतले चित्रण वास्तवाला धरून होते. प्रत्यक्षात शुद्ध येते ती इंचाइंचाने : आधी नजर स्थिरावते, मग सांगितल्यावर बोट हलते, मग एखादा शब्द. आणि कधी त्यातले काहीच घडत नाही.

निरोपही नाही, भेटही नाही

ज्याला कधी भेटलो नाही, ज्याची भाषाही येत नाही, अशा माणसासाठी जीव इतका का कासावीस व्हावा? १९५६मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी अशा एकतर्फी नात्याला ‘पॅरासोशल’ असे नाव दिले. टीव्हीवर दर आठवड्याला दिसणारा चेहरा, त्याचा आवाज, त्याच्या लकबी हे सगळे मन ओळखीच्या माणसाच्या खात्यात जमा करते. त्याला आपण माहीतही नसतो, पण आपल्याला होणारे दुःख खोटे नसते. त्यामुळे ‘कोण कुठला तो, एवढे काय रडायचे’ असे म्हणून घरातल्या चाहत्याला गप्प करू नये.

त्यातही वाट पाहण्याचे दुःख वेगळे असते. त्याच नोव्हेंबरात सिडनीला फिलिप ह्यूज हा क्रिकेटपटू चेंडू मानेवर लागून कोसळला आणि दोन दिवसांत गेला. लोकांनी घराबाहेर बॅट उभ्या करून त्याला निरोप दिला. दुःखाला एक रूप मिळाले. बियांचीच्या चाहत्यांना तेही करता येत नव्हते. तो जिवंत होता आणि तरीही तो नव्हता. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने अशा दुःखाला ‘ॲम्बिग्युअस लॉस’ म्हटले आहे. माणूस धड गेलेला नाही आणि धड आपल्यात नाही. रडावे तर अशुभ बोलल्यासारखे वाटते, हसावे तर अपराधी वाटते. कोमातल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांच्या घरांत ही अवस्था रोजची असते.

अशा वेळी काहीतरी करायला हवे असे मनाला वाटत राहते. सोचीला आठवड्याभराने झालेल्या शर्यतीत मारुसियाने एकच गाडी उतरवली. बियांचीची गाडी गॅरेजमध्ये तयार करून उभी ठेवली. चालकांनी हेल्मेटवर ‘आम्ही सगळे ज्युल्ससोबत’ अशा अर्थाचे फ्रेंच स्टिकर लावले आणि शर्यतीआधी गोल करून उभे राहिले. चाहत्यांनी त्याचा १७ हा क्रमांक फलकांवर, टोप्यांवर लिहिला. यातून मेंदूचा एकही तंतू जुळत नाही. पण कुटुंबाने आपल्या निवेदनांत या पाठिंब्याबद्दल वेळोवेळी आभार मानले. आपण एकटे नाही, हे कळण्याला मोल असते.

ती चित्रफीत

चाहत्यांच्या प्रतिक्रियेला दुसरी बाजूही होती. धडकेचे थेट दृश्य टीव्हीने दाखवले नव्हते. पण प्रेक्षकांतल्या कोणीतरी ते टिपले होते. काही काळातच ते जगभर फिरू लागले. काहींनी ते पाहायला ठाम नकार दिला, तर काहींनी पुन्हा पुन्हा पाहिले. ‘नक्की काय झाले ते कळायला हवे’ हे त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. अनिश्चितता सहन होत नाही म्हणून मन माहिती शोधते. पण त्या दृश्यातून बियांचीच्या मेंदूबद्दल काहीच कळणार नव्हते.

अशी दृश्ये पाहण्याचा परिणाम होतो. २०१३च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील बॉम्बस्फोटांनंतर अमेरिकी संशोधकांनी हजारो लोकांची पाहणी केली. पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास या घटनेच्या बातम्या व दृश्ये पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणे प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. आधीच अस्वस्थ असलेली माणसे जास्त पाहत असतील, हेही शक्य आहे. तरी झोप उडणे, दृश्य डोळ्यांसमोरून न हलणे, छातीत धडधडणे असे होत असेल तर स्क्रीन बंद करणे हा पहिला उपाय. तो पुरला नाही आणि त्रास काही आठवडे टिकला, तर डॉक्टरांशी बोलावे.

कुटुंबाच्या खासगीपणाचा प्रश्न तर त्याहून मोठा. बियांचीच्या अपघाताच्या सुमारे नऊ महिने आधी मायकल शूमाकर स्कीइंग करताना पडून कोमात गेला होता. त्याच्या ४५व्या वाढदिवशी, ३ जानेवारी २०१४ला, लाल टोप्या घातलेले चाहते ग्रेनोबलच्या रुग्णालयाबाहेर शांतपणे उभे राहिले. काही महिन्यांनी त्याचीच वैद्यकीय कागदपत्रे चोरून विकायचा प्रयत्न झाला. चाहत्यांची काळजी आणि त्या काळजीचा बाजार यांत फार अंतर नसते. ‘आम्हाला कळलेच पाहिजे’ या मागणीवरच तो बाजार उभा राहतो.

दोष कोणाचा?

दुःखाबरोबर रागही येतो. शर्यत आधीच का थांबवली नाही? क्रेन आत का आली? त्याने वेग का कमी केला नाही? चौकशी समितीने दुहेरी पिवळे झेंडे असताना बियांचीने पुरेसा वेग कमी केला नाही असे म्हटले. कुटुंबाला ते मान्य झाले नाही, ते न्यायालयात गेले. चाहत्यांत दोन तट पडले.

घडून गेल्यावर सगळे उघडच होते असे वाटणे, हाही मनाचा एक जुना खेळ आहे. मानसशास्त्रात त्याला पश्चात्‌बुद्धीचा दोष म्हणतात. आज अनेक चाहते खात्रीने सांगतात, की चालकाच्या डोक्यावर बसवलेली ‘हेलो’ ही कमान तेव्हा असती तर ज्युल्स वाचला असता. २०१८पासून सक्तीच्या झालेल्या या कमानीने इतर चालकांचे प्राण वाचवले, हे खरेच. २०२०मध्ये बहरीनला रोमाँ ग्रोजाँ आगीतून बाहेर आला तो तिच्यामुळेच. पण सुझुकाच्या धडकेतली बळे इतकी मोठी होती, की चालकाची जागा झाकूनही उपयोग झाला नसता, असे समितीने म्हटले होते. तिथला खरा धडा वेगाचा होता. म्हणूनच २०१५पासून ‘व्हर्च्युअल सेफ्टी कार’ आली. ट्रॅकवर अडथळा असला की सर्व गाड्यांना एकाच वेळी ठरावीक मर्यादेपर्यंत वेग कमी करावाच लागतो.

हाच तर्क आपल्याकडे उलट्या दिशेने चालतो. ‘एवढे भारी हेल्मेट असून तो वाचला नाही, मग आमच्या हेल्मेटचा काय उपयोग?’ उपयोग आहे. दुचाकीस्वारांवरच्या अनेक अभ्यासांच्या कॉक्रेन आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असे आढळले. ६५०० किलोच्या क्रेनशी होणारी धडक हा हेल्मेटच्या परीक्षेचा निकष होऊ शकत नाही.

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर

१७ जुलै २०१५ रोजी ज्युल्स बियांची शुद्धीवर न येताच गेला. १९९४च्या आयर्टन सेनानंतर शर्यतीतल्या दुखापतीने मरण पावलेला तो पहिला फॉर्म्युला वन चालक. नऊ दिवसांनी हंगेरीत शर्यतीआधी चालकांनी आपली हेल्मेट जमिनीवर गोलाकार मांडली आणि त्याच्या कुटुंबीयांभोवती ते उभे राहिले. चाहत्यांना तेव्हा कुठे रडायला मोकळीक मिळाली. १७ क्रमांक कायमचा बाजूला ठेवला गेला. त्याचा धर्मपुत्र शार्ल लक्लेर्क आज फेरारी चालवतो. २०२२मध्ये त्याच सुझुकाला पावसात पिएर गॅस्ली वेगाने जात असताना ट्रॅकवर पुन्हा तसेच वाहन दिसले, तेव्हा गॅस्ली संतापला, बियांचीच्या वडिलांनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि चाहत्यांनीही आवाज उठवला. ही आठवण विसरली न जाणे हेच कदाचित चाहत्यांचे सर्वांत उपयोगी काम असेल.

चालक असो वा शेजारचा मुलगा, अतिदक्षता विभागाबाहेर चित्र सारखेच असते. कोपऱ्यात आई बसलेली असते, वडिलांचा फोन सारखा वाजतो आणि येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. ‘शुद्धीवर आला का?’ दिवसातून चाळीस वेळा ‘नाही’ म्हणावे लागणे ही त्या घराला होणारी वेगळीच शिक्षा असते. त्याऐवजी ‘तुम्ही जेवलात का? रात्री मी थांबू का?’ असे विचारता येते. इतरांना माहिती द्यायला एकच माणूस ठरवून घेता येतो. निदान समजले नाही तर डॉक्टरांना विचारावे, मोबाइलवरून आलेल्या चमत्कारांच्या गोष्टी पुढे पाठवू नयेत.

आणि रस्त्यावर अपघात दिसला तर खिशातला फोन चित्रीकरणासाठी काढू नये, १०८ला लावावा. जखमीला ओढून उठवू नये, मान हलू देऊ नये, पाणी पाजू नये. श्वास चालू आहे ना, एवढे पाहत राहावे. मदत करणाऱ्याला पोलिसांचा किंवा न्यायालयाचा नाहक त्रास होऊ नये, याची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९मध्ये झाली आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसासाठी पहिल्या तासात धावून येणारा एक अनोळखी माणूस फार काही करू शकतो. त्यानंतरचे महिने मात्र कोणाच्याच हातात नसतात. तेव्हा जवळ बसून राहणे एवढेच आपल्याला करता येते.